कटऑफ कडक कुठे, सैल कुठे

२०२५ साली राज्यातले साडेचौदा लाखांहून जास्त नियमित विद्यार्थी दहावी उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया पहिल्यांदा अख्ख्या महाराष्ट्राला लागू झाली आणि पोर्टलवर अकरावीच्या वीस लाखांवर जागा नोंदलेल्या होत्या. उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला प्रवेश दिला तरी लाखो बाकं रिकामी राहणार, हे सुरुवातीपासून दिसत होतं. तरीही पहिली गुणवत्ता यादी लागली की ठाण्या-मुलुंडपासून वाशी-नेरुळपर्यंत दरवर्षी जे होतं तेच झालं. नावाजलेल्या कॉलेजांत विज्ञानाचा कटऑफ नव्वदीपार, आणि सत्त्याऐंशी टक्के मिळवलेल्या मुलीला घरात ऐकवलं जातं की थोडा आणखी जोर लावायला हवा होतास.

जागा उदंड आणि तरीही इतकी चढाओढ, याची कारणं आपण नेहमी मुलांत आणि पालकांत शोधतो. गुणांची खैरात झाली, पालकांना नावाचं वेड लागलं, सगळ्यांना विज्ञानच हवं. यात तथ्य आहे. पण या सगळ्या चर्चेत फीचा मुद्दा फार क्वचित येतो, आणि माझ्या मते तोच मुळाशी आहे.

ठाणे जिल्ह्यातल्या अनेक जुन्या ज्युनियर कॉलेजांत एकाच जिन्याने वर गेलं की वाणिज्य शाखेच्या दोन तऱ्हेच्या तुकड्या भेटतात. एक अनुदानित. तिच्या शिक्षकांचा पगार सरकार देतं, त्यामुळे तिची वर्षाची फी मध्यमवर्गीय घराला जाणवतही नाही. दुसरी विनाअनुदानित. तिचा खर्च मुलांच्या फीतून निघतो. अभ्यासक्रम तोच, पुस्तकं तीच, बोर्डाची परीक्षा तीच, पण फी कित्येक पटींनी जास्त आणि शिकवणारे बहुधा तासिका तत्त्वावर नाहीतर तुटपुंज्या पगारावर. गुणानुक्रमे प्रवेश सुरू झाले की अनुदानित तुकडी आधी भरते, तिचा कटऑफ वर राहतो. विनाअनुदानित तुकडी नंतर, खालच्या गुणांवर भरते. म्हणजे ब्याण्णव टक्केवाल्याला स्वस्त जागा मिळते आणि अडुसष्ट टक्केवाल्याला महाग. आता हे ब्याण्णव आणि अडुसष्ट येतात कुठून? घोडबंदर रोडच्या एखाद्या गृहसंकुलातून, आठवीपासून क्लास लावलेल्या घरातून ब्याण्णव येण्याचा संभव जास्त. लोकमान्यनगरच्या चाळीतून, जिथे वडील रिक्षा चालवतात आणि मुलगा संध्याकाळी दुकानात बसतो, तिथून अडुसष्ट. याला अपवाद आहेत. चाळीत राहून चौऱ्याण्णव टक्के आणलेल्या मुली मी वर्गात शिकवल्या आहेत आणि त्यांच्या कष्टांपुढे मान लवते. पण धोरण अपवादांवर ठरत नाही. एकंदरीत पाहिलं तर सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या जागा ज्यांना फी परवडली असती अशा घरांकडे जास्त जातात, आणि ज्यांना ती परवडत नाही त्यांच्याकडून पूर्ण खर्च वसूल होतो.

हे लक्षात आलं की कटऑफकडे बघण्याची नजर बदलते. निवड कडक असते ती मुख्यतः जिथे खर्च सरकार उचलतं तिथे. जिथे पालकाने पैसे मोजायचे असतात तिथे तीच निवड सैल होत जाते.

वैद्यकीय शिक्षणात हे अगदी उघड दिसतं. कळव्याला ठाणे महापालिकेचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथली एमबीबीएसची जागा मिळवायची तर 'नीट' या देशभरच्या प्रवेशपरीक्षेच्या यादीत फार वर यावं लागतं. कळव्याहून थोड्या अंतरावर, नवी मुंबईत, खासगी अभिमत विद्यापीठांची वैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि तिथे एमबीबीएसची एका वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे आहे. तिथेही प्रवेश नीटमधूनच होतो, सगळं कायदेशीर आहे. पण खुल्या गटासाठी नीटची पात्रतारेषा पन्नासाव्या पर्सेंटाइलवर आहे, म्हणजे परीक्षेला बसलेल्यांतली वरची निम्मी मुलं पात्र ठरतात. २०२४ मध्ये तेवीस लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसली, त्यातली तेरा लाखांच्या आसपास पात्र ठरली, आणि देशात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. या तेरा लाखांतला कितवा मुलगा डॉक्टर होणार हे मग बऱ्याच प्रमाणात बापाच्या खिशावर ठरतं. दिघ्याच्या मुलाला दोन-चार गुण कमी पडले तर त्याचा सरकारी प्रवेश हुकतो आणि रस्ता तिथेच संपतो. त्याच्याहून शेकडो गुण कमी असलेला मुलगा नवी मुंबईतच स्टेथोस्कोप गळ्यात घालून हिंडतो. मग गुणवत्तेचा जो आग्रह आपण इतक्या तावातावाने धरतो, तो कुणापुढे धरतो आहोत?

हे आपोआप घडलेलं नाही. १९८३ मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, राज्याने खासगी संस्थांना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयं काढायला परवानगी दिली. त्याने हजारो मुलांची सोय झाली, आणि नवी मुंबईची शैक्षणिक नगरी म्हणून जी ओळख आहे तिचा पायाही त्यातच आहे. पण त्यानंतर सरकारने नव्या अनुदानित जागा काढण्यातून हळूहळू अंग काढून घेतलं. लोकसंख्या वाढली, शहरं वाढली, ठाण्याच्या पलीकडे घोडबंदर आणि दिवा, वाशीच्या पलीकडे खारघर आणि तळोजा वसले, आणि अनुदानित तुकड्या जवळपास होत्या तेवढ्याच राहिल्या. त्यांच्यासाठी झुंबड उडणार होतीच. त्या झुंबडीला आपण 'दर्जा वाढला' असं म्हणू लागलो.

१८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी हाच हिशेब मांडला होता. तिजोरीत पैसा येतो रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. आज कर सगळेच भरतात. दिव्याहून पहाटे लोकल पकडणारी घरकामगार बाई साबणावर आणि बिस्किटाच्या पुड्यावर जीएसटी भरते. तिच्या मुलाला अनुदानित तुकडीत जागा मिळाली नाही तर तिने कर भरून इतरांच्या मुलांची फी भरली, असाच त्याचा अर्थ होतो.

आता गुणवत्तेच्या बाजूने जे बोलतात त्यांच्याकडे वळतो, कारण ते सगळे स्वार्थी नाहीत. त्यांचं म्हणणं असं की जागा थोड्या असतील तर त्या जास्त गुणांच्या मुलाला देण्याहून न्याय्य दुसरी पद्धत नाही. गुण खरोखर इतके काटेकोर असते तर हे पटलं असतं. दहावीची टक्केवारी 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ने, म्हणजे सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून, पाचशेपैकी निघते, म्हणजे एक गुण ०.२ टक्क्याचा. पहिल्या यादीत एखादं मूल ०.२ किंवा ०.४ टक्क्याने बाहेर राहतं, म्हणजे एका किंवा दोन गुणांनी. आणि अनेक विषयांतले शंभरातले वीस गुण शाळेच्या हातात असतात. ते किती फरक पाडतात हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ मध्ये भाषांचे अंतर्गत गुण काढून टाकले आणि निकाल ७७.१० वर आला. २०२० मध्ये ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० झाला. त्या दोन वर्षांत मुलांची बुद्धी आधी ओसरली आणि मग उफाळून आली, असं कुणी म्हणणार नाही. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. अशा मोजपट्टीने साठ आणि नव्वद यांतला फरक सांगता येतो. ९१.४ आणि ९१.८ यांतला सांगता येत नाही. त्या फरकावर एका मुलाला स्वस्त, नावाचं, घराजवळचं कॉलेज द्यायचं आणि दुसऱ्याला तासाभराच्या प्रवासाने महागड्या तुकडीत पाठवायचं, याला न्याय म्हणणं मला शक्य नाही.

आणि कडक निवड करणारं कॉलेज जास्त चांगलं शिकवतं, हे तरी खरं आहे का? बॉस्टन आणि न्यू यॉर्कमध्ये प्रवेशपरीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या नामांकित सरकारी शाळा आहेत. तिथे कटऑफच्या काठावर आत गेलेली आणि काठावर बाहेर राहिलेली मुलं अर्थतज्ज्ञांनी ताडून पाहिली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पुढच्या परीक्षांमधल्या कामगिरीत दोघांत जवळजवळ फरक सापडला नाही. ज्या मुलांना शाळेने आधीच हुशार म्हणून वेचून घेतलं होतं, ती कुठेही गेली असती तरी शिकली असती. आपल्याकडे तर निम्मं शिकणं कॉलेजबाहेरच होतं. 'इंटिग्रेटेड' नावाखाली एखाद्या अनोळखी ज्युनियर कॉलेजात नाव घालायचं आणि दिवसभर क्लासमध्ये बसायचं, ही पद्धत खारघर-वाशीत आता कुणाला चमत्कारिकही वाटत नाही. अशा कॉलेजचा कटऑफ एका वर्षात उडी मारतो. त्या वर्षात तिथे एकही चांगला शिक्षक नव्याने आलेला नसतो. २०१८ मध्ये राज्य सरकारने विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता तो यासाठीच. रोग ओळखला होता, पण उपचार पुढे चालवला नाही.

शिकवण्याचं खरं काम कुठे होतं हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. अकरावी वाणिज्यच्या पुस्तपालनात जूनमध्ये पंचावन्न-साठ टक्क्यांची पोरं समोर बसतात. नावे आणि जमा यांत गोंधळ, किर्दीतून खतावणी करताना रकमा उलट्या बाजूला, तेरीजपत्रक जुळत नाही म्हणून रडकुंडीला आलेली. त्यांना रोज एक उदाहरण फळ्यावर करून दाखवावं लागतं, मग वही तपासावी लागते, मग चूक नेमकी कुठे झाली हे त्यांच्याच तोंडून काढून घ्यावं लागतं. दिवाळीपर्यंत त्यांतली बरीचशी तेरीज जुळवायला लागतात. जानेवारीत ताळेबंद पहिल्या फटक्यात जुळला की त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते नव्वद टक्क्यांच्या तुकडीत सहसा दिसत नाही, कारण त्या तुकडीला ते आधीच क्लासमध्ये येऊन गेलेलं असतं. या कामाची नोंद ठेवणारा एकही रकाना आपल्या व्यवस्थेत नाही. वर्तमानपत्रात कटऑफ छापून येतो. पंचावन्नची पोरं बारावीला पंचाहत्तरवर गेली, हे कुठेच छापून येत नाही. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव वाशीतल्या कॉलेजला आहे. ज्या मुलांना शाळेचं दारच माहीत नव्हतं त्यांना आत आणून, 'कमवा आणि शिका' म्हणत उभं करणं हे त्यांच्या संस्थेचं मोठेपण होतं. किती मुलांना दारातून परत पाठवलं यावर त्या काळी कुणी संस्थेची किंमत केली नसती.

कटऑफच्या जोडीला आणखी दारं आहेत, तीही सांगायला हवीत. संस्थांतर्गत म्हणजे इनहाऊस कोटा दहा टक्के, व्यवस्थापन कोटा पाच टक्के. ज्या संस्थेची शाळा आहे तिच्या कॉलेजात इनहाऊस जागा, म्हणजे बालवर्गात ज्याला तिथे प्रवेश मिळाला त्याला बारा वर्षांनी पुन्हा फायदा. अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थांत निम्म्या जागा त्या समाजासाठी राखीव असतात, आणि घटनेच्या पंधराव्या कलमाच्या पाचव्या उपकलमाने त्यांना मागासवर्गीय आरक्षणातून वगळलं आहे. अल्पसंख्याकांचा संस्था चालवण्याचा हक्क मला मान्य आहे. पण मुंबई-ठाण्यातली नावाजलेली कॉलेजं त्या दर्जाची असतात तेव्हा दलित-आदिवासी मुलांसाठी किती दारं उरतात हेही मोजायला हवं.

प्रवेशपरीक्षा वाढवून हे सुटत नाही, हे २०२४ मध्ये दिसलं. बीएमएस, बीबीए, बीसीए हे व्यवस्थापन आणि संगणकाचे पदवी अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांना सीईटी म्हणजे सामाईक प्रवेशपरीक्षा सक्तीची झाली. जागा रिकाम्या राहिल्या, पुन्हा सीईटी घ्यावी लागली, आणि अनेक कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदलून वाट काढली. वर्गात काय शिकवलं जातं यात काडीचा फरक पडला नाही.

मग करायचं काय? माझी सूचना अशी. ज्या तुकडीचा पगार सरकार देतं त्या तुकडीसाठी शाखेनुसार एक वाजवी किमान पातळी ठरवावी. वाणिज्याला समजा साठ टक्के, विज्ञानाला सत्तर. आरक्षण आहे तसंच राहील. त्या पातळीच्या वर असलेल्या सगळ्या इच्छुकांत सोडत काढावी, आणि काही हिस्सा त्याच प्रभागातल्या किंवा जवळच्या स्थानकांतल्या मुलांसाठी ठेवावा. आज पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही तर मूल पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद होतं. म्हणून मुंब्रा-दिव्याची घरं पसंतीक्रम भरतानाच जिवाचा हिशेब करतात. कोणत्या कॉलेजला जायचं तर कोणत्या वेळेची लोकल पकडावी लागेल, आणि त्या लोकलला लटकावं लागेल का. सोळा वर्षांच्या मुलाला शिकण्यासाठी असा हिशेब करायला लावू नये.

सोडत म्हटलं की लोक दचकतात. नशिबावर शिक्षण सोडायचं का, असं विचारतात. पण नवी मुंबईतल्या माणसाला सोडत नवी नाही. नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ सिडको पात्रता तपासून घरांची सोडत काढतं आणि आपण ती मान्य करतो, कारण तिच्यात ओळख चालत नाही. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागा सोडतीनेच भरतात. २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून अनेक खासगी शाळांना त्यातून सूट दिली तेव्हा उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. नेदरलँड्समध्ये वैद्यकीय प्रवेश सत्तरच्या दशकापासून गुणांचं वजन दिलेल्या सोडतीने होत. २०१७ मध्ये त्यांनी ती बंद करून निवडपद्धत आणली. त्या निवडीत सुस्थित घरांतल्या, डॉक्टर आईबापांच्या मुलांना झुकतं माप मिळतं अशी टीका झाली, आणि २०२३ पासून विद्यापीठांना सोडतीची मुभा पुन्हा दिली गेली. नव्वद टक्केवाल्या मुलावर यात अन्याय होईल का? त्याची खात्रीची जागा जाईल, हे खरं. पण जी जागा जाईल ती सार्वजनिक पैशाची आहे, तिच्यावर पातळी ओलांडलेल्या सगळ्यांचा सारखा हक्क आहे. शिवाय सोडतीत जागा हुकलेल्या मुलाला कुणी 'तू कमी पडलास' म्हणू शकणार नाही. दहावीनंतरच्या उन्हाळ्यात घराघरांत जे अश्रू येतात त्यांतले पुष्कळ याने थांबतील, आणि हुशार मुलं दोन-चार इमारतींत गोळा होण्याऐवजी सगळ्या शहरात पसरतील. मागे पडलेल्या मुलाला चांगला सोबती मिळणं हेही शिकणंच असतं.

सोडत पुरेशी नाही, हे मलाही कळतं. थोड्या जागा न्यायाने वाटल्या तरी त्या थोड्याच राहतात. दिवा, दिघा, तुर्भे स्टोअर, तळोजा इथे महापालिकांच्या जिथे माध्यमिक शाळा आहेत तिथेच पूर्ण पगाराच्या शिक्षकांसह अकरावी-बारावीचे वर्ग जोडावेत. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजने आत येताना मुलांचे गुण काय होते आणि बारावीला काय झाले, हे दरवर्षी जाहीर करावं, आणि अनुदानाचा काही भाग त्या वाढीशी बांधावा. कटऑफच्या जोडीला हाही आकडा छापून येऊ लागला की पालक कॉलेज निवडताना काय बघतात ते हळूहळू बदलेल.

आणि नवी मुंबईपुढे आज एक प्रत्यक्ष संधी आहे. सिडको विमानतळाजवळ सुमारे अडीचशे एकरांवर 'एज्युसिटी' उभारते आहे. जून २०२५ मध्ये ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची एक डिझाइन संस्था अशा पाच परदेशी संस्थांना इरादापत्रं दिली गेली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यापासून या परिसरातल्या आगरी-कोळी गावांनी जमिनी दिल्या. १९८४ च्या जानेवारीत जासई आणि आसपासच्या गावांतल्या आंदोलनात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटलांनी आयुष्य वेचलं, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पदरात पडली. त्या मातीवर परदेशी पदवीचं शिक्षण सुरू होताना त्याची फी कोण भरू शकणार, हे सांगायला ज्योतिषी नको. सिडकोने या संस्थांशी अंतिम करार करताना त्यात आत्ताच एक कलम घालावं: ठरावीक जागा पूर्ण शुल्कमाफीच्या, वाजवी किमान पातळीच्या वरच्या मुलांत सोडतीने, आणि त्यांतला एक भाग प्रकल्पग्रस्त गावांतल्या मुलांसाठी. जमीन एकदा ताब्यात दिली आणि इमारती उभ्या राहिल्या, की ही अट घालून घ्यायला सिडकोच्या हातात काही उरणार नाही.